संस्थेच्या संकेतस्थळाचे नाव : डोमेन, सबडोमेन आणि एलियस कसे समजून घ्यावे

एखादे सार्वजनिक वाचनालय, शिक्षणसंस्था किंवा पतसंस्था स्वतःचे संकेतस्थळ काढायचे ठरवते, तेव्हा सगळे काम बहुधा एकाच व्यावसायिकाकडे सोपवले जाते आणि वर्षाकाठी त्याचे एकच बिल येते. त्या बिलात तीन निरनिराळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात : संकेतस्थळाचे नाव म्हणजे डोमेन, त्याच्या फायली जिथे ठेवल्या जातात ती जागा म्हणजे होस्टिंग, आणि त्या नावावर चालणारी ईमेल सेवा. या तिन्ही गोष्टी तीन वेगळ्या कंपन्यांकडून घेता येतात आणि त्यांपैकी एक बदलली तरी उरलेल्या दोन जशाच्या तशा राहू शकतात. ही फोड कार्यकारिणीतल्या कोणालाच ठाऊक नसली, तर व्यावसायिक बदलायची वेळ येते तेव्हा नावच त्याच्याकडे अडकल्याचे लक्षात येते. होस्टिंग हवे तेव्हा बदलता येते, पानांची मांडणी काही वर्षांनी नवी करता येते. नाव मात्र पावतीपुस्तकांवर, फलकांवर आणि सभासदांच्या सवयीत जाऊन बसलेले असते. म्हणून संकेतस्थळाच्या खर्चातली बहुधा सर्वांत लहान रक्कम ज्या बाबीवर पडते, ती बाब संस्थेने सर्वांत आधी आणि स्वतः समजून घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

या लेखात समजावण्यापुरते ‘उदाहरण.इन’ असे एका वाचनालयाचे नाव धरले आहे. पत्ते उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले असले, तरी ब्राउझरमध्ये ते रोमन लिपीतच टाइप करायचे असतात. जी नावे खरोखर देवनागरीत घेता येतात, त्यांचा विचार पुढे स्वतंत्रपणे केला आहे.

नाव उजवीकडून वाचावे

मराठी विश्वकोशाचा पत्ता ‘विश्वकोश.मराठी.गव्ह.इन’ असा आहे. आपण तो डावीकडून वाचतो, परंतु त्यातील अधिकाराचा क्रम उजवीकडून सुरू होतो. शेवटचे ‘इन’ हा भारताचा दोन अक्षरी संकेत असून त्याचा कारभार निक्सी, म्हणजे नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया ही संस्था पाहते. त्याच्या डावीकडचे ‘गव्ह’ शासकीय कार्यालयांसाठी राखून ठेवलेले आहे, त्या राखीव क्षेत्रात ‘मराठी’ हे नाव घेतलेले आहे आणि ‘विश्वकोश’ हे त्या नावाखाली उघडलेले सबडोमेन आहे. त्याच ‘मराठी.गव्ह.इन’खाली महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाचे संकेतस्थळ ‘साहित्य’ या सबडोमेनवर आहे. दोन वेगळी कार्यालये आणि दोन वेगळी संकेतस्थळे असूनही नावाचे मूळ एकच आहे, हे वाचकाला पत्त्यावरूनच कळते.

यातून निघणारा नियम एकच आहे : कोणत्याही टिंबाच्या डावीकडे काय लिहायचे, हे त्याच्या उजवीकडच्या नावाचा धनी ठरवतो. ‘उदाहरण.इन’ हे नाव निक्सीच्या व्यवस्थेतून पैसे भरून घ्यावे लागते; पण ते एकदा हाती आले, की ‘सूची.उदाहरण.इन’ किंवा ‘दिवाळीअंक.उदाहरण.इन’ अशी कितीही सबडोमेन उघडण्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही आणि त्यांची वेगळी नोंदणी करून शुल्कही भरावे लागत नाही. एखादा व्यावसायिक प्रत्येक सबडोमेनच्या ‘नोंदणी’चे पैसे मागत असेल, तर तो मांडणीच्या कामाचे पैसे मागत आहे की नावाचे, हे लेखी विचारून घ्यावे.

हाच नियम फसवणूक ओळखायलाही उपयोगी पडतो. बँकांनी आपली संकेतस्थळे ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘.बँक.इन’ या शेवटावर न्यावीत, असे रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२५ मध्ये सांगितले आणि ही नावे देण्याचे काम हैदराबादच्या आयडीआरबीटी या संस्थेकडे सोपवले. अशा नावांत बँकेच्या नावानंतर टिंब, मग ‘बँक’, मग टिंब आणि शेवटी ‘इन’ येते. ‘अमुकबँक-बँक-इन.कॉम’ किंवा ‘अमुकबँक.बँक.इन.तमुक.कॉम’ ही नावे वरवर तशीच दिसली, तरी उजवीकडून वाचताच पहिल्याचा धनी ‘.कॉम’मधला कोणी तरी आणि दुसऱ्याचा धनी ‘तमुक.कॉम’ असल्याचे उघड होते. पत्त्यातील आरंभीच्या ‘//’ या दोन रेघा सोडून त्यांनंतरच्या पहिल्या तिरक्या रेघेच्या आधीचा भाग घेऊन त्याची उजवी बाजू आधी पाहण्याची सवय प्रत्येक खातेदाराला लागली पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

नावावरून जागा कशी सापडते

इंटरनेटच्या आरंभीच्या काळात जोडलेल्या सर्व यंत्रांची नावे आणि त्यांचे अंकी पत्ते एकाच फाइलमध्ये असत. ती फाइल अमेरिकेतील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये सांभाळली जाई आणि बाकीचे सगळे तिची प्रत उतरवून घेत. यंत्रे वाढू लागली तसे हे काम एका ठिकाणी आवरेनासे झाले. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डोमेन नेम सिस्टिम, म्हणजे डीएनएस, ही विभागलेली व्यवस्था मांडली. तिचे १९८७ मध्ये सुधारलेले स्वरूप आजच्या व्यवस्थेचा पाया आहे. त्यातली मुख्य कल्पना अशी, की संपूर्ण यादी कोणाकडेच नसते. प्रत्येकाकडे फक्त आपल्या खालच्या पायरीची माहिती असते.

सभासदाने ‘सूची.उदाहरण.इन’ असे टाइप केल्यावर त्याच्या इंटरनेट सेवेचा किंवा अन्य कोणाचा तरी शोधक सर्व्हर आधी मूळ सर्व्हरांना ‘इन’बद्दल विचारतो. या मूळ सर्व्हरांची नावे तेरा असून ती ‘ए’पासून ‘एम’पर्यंतच्या इंग्रजी अक्षरांवर ठेवलेली आहेत. ते ‘इन’च्या सर्व्हरांचा पत्ता देतात, ‘इन’चे सर्व्हर ‘उदाहरण.इन’ची माहिती कोणत्या नेमसर्व्हरवर, म्हणजे नावांची उत्तरे देणाऱ्या सर्व्हरवर, आहे ते सांगतात; आणि तो नेमसर्व्हर ‘सूची’चा अंकी पत्ता देतो. मिळालेले उत्तर शोधक सर्व्हर ठरावीक वेळ स्वतःजवळ राखून ठेवतो, त्यामुळे ही सगळी विचारपूस दरवेळी होत नाही. मात्र प्रत्येक टिंबापाशी कारभार नव्या हाती जातोच असे नाही, कारण एकाच नेमसर्व्हरवर अनेक पायऱ्यांची माहिती ठेवता येते.

नावाचे नियम थोडे आहेत. टिंबांमधला एक भाग ६३ अक्षरांपेक्षा आणि टिंबांसह संपूर्ण नाव २५३ अक्षरांपेक्षा मोठे असू शकत नाही. रोमन अक्षरे, अंक आणि आडवी रेघ चालते, परंतु भागाच्या आरंभी किंवा शेवटी ती रेघ चालत नाही. रोमन अक्षरांचे लहान आणि मोठे रूप एकच मानले जाते.

शेवट निवडणे आणि नाव आपल्या नावावर घेणे

‘.इन’ची नोंदणी २००५ पासून सर्वांसाठी मोकळेपणाने खुली झाली आणि आज ‘.इन’, ‘.को.इन’, ‘.ऑर्ग.इन’ यांपैकी कोणतेही नाव सामान्य संस्थेला घेता येते. ‘.एसी.इन’ आणि ‘.एज्यु.इन’ मात्र पात्र शिक्षणसंस्थांनाच मिळतात व त्यासाठी या नावांची नोंदणी पाहणाऱ्या अर्नेट इंडिया या संस्थेकडे कागदपत्रे द्यावी लागतात. मुंबई विद्यापीठाचा ‘एमयू.एसी.इन’ हा पत्ता त्यातलाच आहे. ज्या शाळा-महाविद्यालयांना हा शेवट मिळू शकतो, त्यांनी तो जरूर घ्यावा, कारण कागदपत्रांची तपासणी झाल्याशिवाय तो मिळत नसल्यामुळे पालकांना त्याचा भरवसा वाटतो. ‘.को’ आणि ‘.को.इन’ यांत गल्लत करू नये : पहिला शेवट कोलंबिया देशाचा आहे. सेवाभावी संस्थेसाठी मी ‘.इन’ किंवा ‘.ऑर्ग.इन’ सुचवीन, नवनव्या चकचकीत शेवटांची पहिल्या वर्षाची किंमत कमी आणि नूतनीकरणाची किंमत कित्येक पट असू शकते, म्हणून विकत घेताना दुसऱ्या वर्षाचा दर आधी पाहावा.

नाव रजिस्ट्रार म्हणवणाऱ्या कंपनीकडून घ्यायचे असते. नोंदणी करताना ‘रजिस्ट्रंट’, म्हणजे नावाचा धनी, या रकान्यात संस्थेचे नोंदणीकृत नाव असावे आणि संपर्काचा ईमेल एखाद्या पदाधिकाऱ्याचा खासगी किंवा व्यावसायिकाचा नसून संस्थेचा, शिवाय याच डोमेनवर न चालणारा असावा. शेवटची अट महत्त्वाची आहे, कारण डोमेनची मुदत संपली तर त्यावरचा ईमेलही बंद पडतो आणि नूतनीकरणाची सूचना ज्या पेटीत यायची तीच उघडेनाशी होते. रजिस्ट्रारच्या खात्याचा पासवर्ड व दुसऱ्या टप्प्याच्या पडताळणीचे साधन संस्थेच्या ताब्यात असावे. व्यावसायिकाला काम करण्यापुरता वेगळा प्रवेश देण्याची सोय अनेक रजिस्ट्रारांकडे असते. नाव दुसऱ्या रजिस्ट्रारकडे न्यायचे झाल्यास आधी हस्तांतराचे कुलूप काढावे लागते आणि एक सांकेतिक क्रमांक घ्यावा लागतो, जो खात्याचा धनी असलेल्यालाच मिळतो.

डोमेन कायमचे विकत मिळत नाही. तो मुदतीचा भाडेपट्टा आहे, आणि तो एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांसाठी घेता येतो. ‘.कॉम’च्या बाबतीत मुदत संपल्यावर रजिस्ट्रारच्या धोरणानुसार काही दिवसांची सवलत मिळते, नाव काढून टाकल्यावर ते जादा शुल्क भरून परत मिळवण्यासाठी ३० दिवस असतात, आणि त्यानंतरच्या ५ दिवसांत कोणालाच काही करता येत नाही. मग ते नाव जगातल्या कोणालाही घेता येते. इतर शेवटांचे दिवस निराळे असू शकतात, म्हणून सवलतीच्या भरवशावर राहण्यापेक्षा नूतनीकरण आपोआप होण्याची सोय चालू ठेवावी आणि तरीही मुदतीची तारीख संस्थेच्या वार्षिक कामांच्या यादीत लिहावी.

नोंदींचा तक्ता

नाव आणि जागा यांची गाठ डीएनएसमधल्या नोंदी घालतात. रजिस्ट्रारच्या पडद्यावर त्यांना ‘रेकॉर्ड’ म्हटलेले असते. ‘ए’ नोंद नावाला जुन्या पद्धतीचा अंकी पत्ता देते आणि ‘एएएए’ नोंद नव्या, लांब पद्धतीचा. ‘एमएक्स’ नोंद त्या नावाचा ईमेल कोणत्या सर्व्हरने स्वीकारायचा ते सांगते. ‘टीएक्सटी’ नोंदीत मजकूर असतो आणि आपल्या नावाने ईमेल पाठवण्याचा अधिकार कोणाला आहे, हे जाहीर करण्यासाठी ती वापरतात. ‘एनएस’ नोंद म्हणजे हा सगळा तक्ता कोणाकडे आहे, याचे उत्तर.

इथे एका नेहमी घडणाऱ्या प्रसंगाकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. नवा व्यावसायिक संकेतस्थळ स्वतःच्या सर्व्हरवर नेताना “नेमसर्व्हर बदलून द्या” असे सांगतो. नेमसर्व्हर बदलणे म्हणजे एक नोंद बदलणे नव्हे. जुना तक्ता बाजूला ठेवून संपूर्ण नवा तक्ता लागू करणे होय. नव्या तक्त्यात ईमेलची ‘एमएक्स’ नोंद कोणी उतरवली नसेल, तर संकेतस्थळ छान उघडते आणि संस्थेला येणारे ईमेल मात्र थांबतात, आणि ते थांबल्याचे बराच काळ कोणाच्या ध्यानातही येत नाही. केवळ संकेतस्थळाची जागा बदलत असेल, तर ‘ए’ आणि असल्यास ‘एएएए’ नोंद बदलणे पुरेसे असते. नेमसर्व्हर बदलायचेच असतील, तर जुन्या तक्त्याची प्रत आधी काढून ठेवावी आणि प्रत्येक ओळ नव्या तक्त्यात आली आहे का, ते पाहावे.

प्रत्येक नोंदीसोबत ‘टीटीएल’ नावाचा सेकंदांचा आकडा असतो. उत्तर किती काळ राखून ठेवायचे ते तो ठरवतो. ८६४०० म्हणजे एक दिवस, ३६०० म्हणजे एक तास. जागा बदलण्याच्या किमान एक दिवस आधी, आणि टीटीएल त्याहून मोठा असेल तर तितका काळ आधी, तो ३०० वर आणावा, म्हणजे प्रत्यक्ष बदल पाच-दहा मिनिटांत बहुतेकांपर्यंत पोहोचतो. सर्व स्थिरस्थावर झाल्यावर आकडा पुन्हा वाढवावा.

सबडोमेन केव्हा उघडावे

‘उदाहरण.इन/सूची’ आणि ‘सूची.उदाहरण.इन’ हे दोन्ही पत्ते वाचकाला सारखेच वाटतात, पण त्यांची घडण वेगळी आहे. पहिल्यात ‘सूची’ हा त्याच संकेतस्थळातला एक विभाग आहे आणि तो त्याच सर्व्हरकडून वाचकापुढे येतो. दुसऱ्यात ती वेगळ्या नोंदीवरचे वेगळे संकेतस्थळ आहे, जे दुसऱ्या शहरातल्या दुसऱ्या सर्व्हरवर आणि पूर्णपणे निराळ्या सॉफ्टवेअरवर चालू शकते. म्हणून कसोटी अशी : मजकूर त्याच मांडणीत, त्याच माणसांच्या हातून येणार असेल तर विभाग पुरेसा आहे, सॉफ्टवेअर, सर्व्हर किंवा सांभाळणारी माणसे वेगळी असतील तर सबडोमेन उघडावे. वाचनालयाची ग्रंथसूची बहुधा स्वतंत्र सॉफ्टवेअरवर असते, तेव्हा तिला सबडोमेन शोभते. कार्यक्रमांच्या छायाचित्रांसाठी, केवळ पत्ता छान दिसतो म्हणून, सबडोमेन उघडण्यात अर्थ नाही. प्रत्येक सबडोमेन ही सांभाळायची आणखी एक गोष्ट असते.

विकिपीडियाने ही रचना फार नेटकेपणाने वापरली आहे. ‘एमआर.विकिपीडिया.ऑर्ग’ हा मराठी विकिपीडिया, ‘एचआय’ लावल्यास हिंदी आणि ‘जीओएम’ लावल्यास गोव्याच्या कोंकणीतला विकिपीडिया. प्रत्येक भाषेचे संपादक आणि लेख वेगळे आहेत, म्हणून प्रत्येकीला सबडोमेन आहे. आणि तोच ‘एमआर’ ‘विक्शनरी.ऑर्ग’च्या आधी लावला की मराठी शब्दकोश उघडतो. एकदा पद्धत कळली की वाचकाला पुढचा पत्ता न सांगता सुचतो. सबडोमेनची नावे ठरवताना अशी एक पद्धत आधी कागदावर मांडावी, ही माझी आग्रहाची सूचना आहे : नावे कामाची असावीत, वर्षाची, व्यक्तीची किंवा सॉफ्टवेअरची नसावीत, कारण या तिन्ही गोष्टी बदलतात.

आपल्या नावाखाली परक्यांना जागा देताना सावध राहावे. एकाच डोमेनखालची संकेतस्थळे परस्परांच्या कुकीज, म्हणजे संकेतस्थळाने वाचकाच्या ब्राउझरमध्ये ठेवलेल्या छोट्या नोंदी, वाचू किंवा बदलू शकतील अशी शक्यता असते. गिटहब या सॉफ्टवेअर साठवण्याच्या सेवेने वापरकर्त्यांची पाने पूर्वी आपल्या मुख्य ‘गिटहब.कॉम’ नावाखाली सबडोमेन देऊन ठेवली होती. २०१३ मध्ये सुरक्षिततेच्या कारणास्तव ती ‘गिटहब.आयओ’ या वेगळ्या डोमेनवर हलवली. शिक्षणसंस्थेने विद्यार्थ्यांना सरावासाठी जागा द्यायची असेल, तर ती निकाल आणि शुल्क भरण्याच्या पानांच्या डोमेनखाली देऊ नये. थोडे पैसे देऊन दुसरे डोमेन घ्यावे.

सुरक्षा प्रमाणपत्राची, म्हणजे संकेतस्थळ खरोखर त्याच नावाचे आहे याची ब्राउझरला खात्री देणाऱ्या दाखल्याची, बाबही इथेच पाहून घ्यावी. ताराचिन्ह असलेले, म्हणजे वाइल्डकार्ड प्रमाणपत्र, ‘उदाहरण.इन’च्या लगतच्या एकाच पायरीला लागू होते. ‘सूची.उदाहरण.इन’ त्यात येते, ‘जुनी.सूची.उदाहरण.इन’ येत नाही, आणि नुसते ‘उदाहरण.इन’ही वेगळे लिहून घेतल्याशिवाय येत नाही. म्हणून दोन पायऱ्यांची सबडोमेन शक्यतो टाळावीत.

एलियस : एकाच संकेतस्थळाची दुसरी नावे

‘एलियस’ हा शब्द दोन अगदी भिन्न गोष्टींसाठी वापरला जातो, आणि माझ्या पाहण्यात आलेल्या गोंधळांपैकी बहुतेक गोंधळ या दोहोंची सरमिसळ झाल्याने होतात.

पहिला एलियस डीएनएसमधला आहे. त्याची नोंद ‘सीनेम’ या प्रकारची असते आणि तिचा अर्थ एवढाच, की या नावाचा पत्ता हवा असेल तर त्या दुसऱ्या नावाला विचारा. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘एनएसलुकअप’ ही आज्ञा देऊन मराठी विकिपीडियाच्या नावाची चौकशी केली, तर ते ‘डायना.विकिमीडिया.ऑर्ग’ या नावाचे एलियस असल्याचे दिसून येते. शेकडो भाषांची नावे त्या एका नावाकडे बोट दाखवतात, त्यामुळे सर्व्हरचा अंकी पत्ता बदलला तरी बदल एकाच ठिकाणी करावा लागतो. वाचकाच्या ब्राउझरमध्ये मात्र ‘एमआर.विकिपीडिया.ऑर्ग’ हेच नाव कायम राहते. सीनेम नोंद वाचकाला दुसरीकडे नेत नाही. ती फक्त अंकी पत्ता शोधायला मदत करते.

म्हणूनच केवळ सीनेम नोंद घालून काम पुरे होत नाही. ब्राउझर त्या सर्व्हरपाशी पोहोचल्यावर “मला अमुक नावाचे संकेतस्थळ हवे” असे मूळ नाव घेऊनच मागणी करतो. त्या सर्व्हरवर ते नाव नोंदलेले नसेल, तर तो भलतेच पान किंवा त्रुटीचा संदेश दाखवतो. आणि त्या नावाचे प्रमाणपत्र नसेल, तर ब्राउझर धोक्याची सूचना देतो. क्रम असा ठेवावा : आधी सर्व्हरच्या नियंत्रण पडद्यावर नवे नाव जोडावे, मग डीएनएस नोंद घालावी, मग त्या नावाचे प्रमाणपत्र घ्यावे आणि शेवटी घराबाहेरच्या एखाद्या जोडणीवरून, उदाहरणार्थ मोबाइलच्या इंटरनेटवरून, तपासावे. काही प्रमाणपत्रसेवा पडताळणीसाठी डीएनएस आधीच लागू झालेले असणे आवश्यक मानतात, म्हणून प्रमाणपत्र तिसऱ्या जागी ठेवले आहे.

सीनेमचा एक कडक नियम आहे : ज्या नावावर सीनेम आहे, त्या नावावर दुसऱ्या सर्वसाधारण नोंदी असू शकत नाहीत. ‘उदाहरण.इन’ या मूळ नावावर नेमसर्व्हरची नोंद असावीच लागते आणि ईमेलची नोंद बहुधा असते, म्हणून मूळ नावावर सीनेम घालता येत नाही, ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू.उदाहरण.इन’वर घालता येते. होस्टिंग कंपनीने “आमच्या अमुक नावाकडे सीनेम करा” असे सांगितले आणि मूळ नावावर ते स्वीकारले जात नसेल, तर चूक आपली नसते. काही डीएनएस सेवा यासाठी ‘एलियस’, ‘एनेम’ किंवा ‘सीनेम फ्लॅटनिंग’ या नावांची सोय देतात, ज्यात सेवा स्वतःच पुढच्या नावाचा अंकी पत्ता शोधून उत्तरात देते. ती सोय नसेल, तर मूळ नावावर ‘ए’ नोंद घालावी.

दुसरा एलियस म्हणजे संपूर्ण वेगळे डोमेन, जे त्याच संकेतस्थळासाठी घेतलेले असते. वाचनालयाने ‘उदाहरण.इन’सोबत ‘उदाहरण.ऑर्ग.इन’ आणि लोक हमखास चुकवतात अशा स्पेलिंगचे आणखी एक नाव घेतले, तर ती दोन्ही एलियस होतात. सीपॅनेल या नियंत्रण पडद्यावर अशा नावांना पूर्वी ‘पार्क्ड डोमेन’ म्हणत, पुढे ‘एलियस’ म्हणू लागले. त्याच पडद्यावरचे ‘ॲडऑन डोमेन’ मात्र स्वतंत्र फायलींचे स्वतंत्र संकेतस्थळ असते. मराठी नावांच्या बाबतीत स्पेलिंगचा मुद्दा खरोखर महत्त्वाचा आहे, कारण दीर्घ ‘ई’ किंवा ‘ऊ’ रोमन लिपीत प्रत्येक जण आपापल्या पद्धतीने लिहितो. माझा सल्ला असा, की अशी एक किंवा दोन नावे घ्यावीत. त्यापेक्षा अधिक नावांचे नूतनीकरण सांभाळणे लहान संस्थेला जमत नाही.

एलियस डोमेनवर तीच पाने तशीच दाखवू नयेत. तसे केल्यास शोधयंत्रांना एकाच मजकुराच्या दोन प्रती दिसतात, वाचक कोणताही पत्ता पुढे पाठवतात आणि मुख्य नाव कोणते हे कधीच रुजत नाही. त्याऐवजी एक नाव मुख्य ठरवून बाकीच्या नावांवरून तिकडे कायमचा पुनर्निर्देश द्यावा. त्याचा संकेतांक ३०१ आहे. ३०२ हा तात्पुरत्या बदलाचा संकेतांक असून तो अनवधानाने कायम राहिलेला पुष्कळदा आढळतो. पुनर्निर्देशात वाचकाच्या ब्राउझरमधले नाव बदलते, आणि सीनेमपासून तो ओळखण्याची हीच सोपी खूण आहे. २००१ मध्ये विकिपीडियाचा आरंभ ‘विकिपीडिया.कॉम’ या नावावर झाला आणि पुढच्या वर्षी तो ‘.ऑर्ग’वर गेला; आजही ‘.कॉम’ टाइप केले तरी वाचक ‘.ऑर्ग’वर पोहोचतो. संस्थेचे नाव बदलले, तरी जुने डोमेन असेच वर्षानुवर्षे सांभाळावे लागते, हे खर्चाचा अंदाज करताना धरावे.

‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’ लावलेले आणि न लावलेले नाव यांतही एक मुख्य ठरवून दुसऱ्यावरून ३०१ द्यावा. कोणते मुख्य याला फारसे महत्त्व नाही, एक ठरण्याला आहे. पुनर्निर्देश देणाऱ्या नावालाही प्रमाणपत्र लागते, कारण वाचक ‘एचटीटीपीएस’ने, म्हणजे सुरक्षित जोडणीने, आला तर ब्राउझर आधी प्रमाणपत्र पाहतो आणि मगच पुढचा पत्ता ऐकतो.

देवनागरीतील नाव

‘.भारत’ हा देवनागरी शेवट २७ ऑगस्ट २०१४ रोजी सुरू झाला आणि देवनागरीत लिहिल्या जाणाऱ्या ज्या आठ भाषांसाठी तो खुला झाला, त्यांत मराठी आणि कोंकणी आहेत. डीएनएसच्या आत मात्र रोमन अक्षरेच जातात : ‘भारत’चे रूपांतर ‘एक्सएन--एच२बीआरजे९सी’ असे होते आणि ब्राउझर ते पुन्हा देवनागरीत दाखवतो. होस्टिंगच्या पडद्यावर हे नाव जोडताना बहुधा हे रूपांतरित रूपच द्यावे लागते, आणि ६३ अक्षरांची मर्यादाही त्याच रूपाला लागू होते.

मराठीसाठी एक विशेष काळजी घ्यावी लागते. ‘दऱ्या’ या शब्दातला ‘ऱ्य’ संगणकात दोन प्रकारे साठवता येतो : ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर घेऊन, किंवा ‘र’ला हलन्त देऊन त्यापुढे न दिसणारा जोडक घालून. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, परंतु डीएनएसच्या दृष्टीने ते वेगळे असू शकतात. आणि जुन्या नियमांवर चालणारी सॉफ्टवेअर तो न दिसणारा जोडक गाळतात, तेव्हा उरते ‘दर्या’. असे जोडाक्षर नावात येत असेल, तर दुसरे नाव शोधणे बरे. देवनागरी पत्त्याचे ईमेल अजून सर्व ठिकाणी स्वीकारले जात नाहीत, म्हणून आजच्या घडीला ‘.भारत’चे नाव एलियस म्हणून घ्यावे, फलकांवर अभिमानाने छापावे आणि ३०१ देऊन मुख्य रोमन नावाकडे न्यावे. आपल्या लिपीत आपल्या संस्थेचे नाव टाइप करता येणे ही साधी गोष्ट नाही. ज्या सभासदांना रोमन लिपी अडते, त्यांच्यासाठी तोच खरा पत्ता आहे.

सबडोमेन बंद करताना

शताब्दी सोहळ्यासाठी ‘शताब्दी.उदाहरण.इन’ उघडले जाते, त्याची सीनेम नोंद एखाद्या बाहेरच्या सेवेकडे जोडली जाते, सोहळा पार पडतो आणि त्या सेवेचे खाते बंद केले जाते. नोंद मात्र तक्त्यात तशीच राहते. काही सेवांवर रिकामे झालेले ते नाव कोणताही अनोळखी माणूस आपल्या खात्यात घेऊ शकतो, आणि मग संस्थेच्या खऱ्याखुऱ्या नावाखाली तो त्याला हवी ती पाने, अगदी देणगी मागणारी पानेसुद्धा, दाखवू शकतो. नाव संस्थेचेच असल्यामुळे उजवीकडून वाचणारा सावध वाचकही इथे फसतो. म्हणून बंद करताना क्रम पाळावा : मजकुराची प्रत काढावी, डीएनएस नोंद काढून टाकावी, टीटीएलइतका काळ जाऊ द्यावा आणि मगच बाहेरच्या सेवेचे खाते बंद करावे. वर्षातून एकदा, हिशेब तपासणीच्या वेळी, नोंदींचा संपूर्ण तक्ता छापून घ्यावा आणि प्रत्येक ओळीसमोर ती कशासाठी आहे व कोणी मागितली होती, हे लिहावे. ज्या ओळीसमोर काहीच लिहिता येत नाही तिची चौकशी करावी, आणि कोणाचाच उपयोग निघाला नाही तर ती काढून टाकावी.